डाव्या-उजव्याची नोंद

बाराव्या गर्भाची मोजणीही बरोबरीत सुटली. डावीकडे बासष्ट, उजवीकडे एकसष्ट. तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले, खोलीतला दिवा लावला, आकडे वहीत लिहिले आणि दिवा मालवून पुन्हा मोजले. बासष्ट, एकसष्ट.

सहा वर्षांपूर्वी याच खुर्चीत बसून तिच्या नवऱ्याने हीच मोजणी केली होती. तेव्हा एका बाजूच्या पेशी चतुर्थांशाने कमी भरल्या होत्या. त्यावरचा त्याचा निबंध छापून आला, त्याला पदवी मिळाली, आणि आता तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या महाविद्यालयात शिकवत होता. तिचा अख्खा प्रबंध त्या चतुर्थांशावर उभा होता, आणि तो चतुर्थांश तिला काही केल्या सापडत नव्हता.

काम सांगायला सोपे होते. मज्जारज्जू तयार होण्याआधी ती एक साधी नळी असते. तिच्या पेशी आरंभी एकसारख्याच दिसतात. त्यांतली कोणती पुढे स्नायू हलवणारी चेतापेशी होणार आणि कोणती वेदना कळवणारी, हे तिच्यातली कोणती जनुके केव्हा चालू होतात त्यावर ठरते. पण जनुक आपले आपण चालू होत नाही. त्याच्या आगेमागे डीएनएचे काही तुकडे असतात, आणि त्या जनुकाला कुठे आणि कधी जागे करायचे एवढेच त्यांचे काम. प्रयोगशाळेत अशा तुकड्याला सगळे ‘खटका’ म्हणत. तिच्या नवऱ्याने असा एक खटका शोधला होता. तो बंद केला की स्नायू हलवणाऱ्या पेशी घटतात, असे त्याचे म्हणणे. तो खटका दाबते कोण, हे तिला शोधायचे होते.

पद्धत दोघांची एकच. दोन दिवस उबवलेल्या कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला खिडकी पाडायची, केसाएवढ्या काचेच्या सुईने त्या नळीत खटका बंद करणाऱ्या डीएनएचा थेंब सोडायचा, दोन्ही अंगांना दोन तारा टेकवायच्या आणि विजेचे पाच हलके झटके द्यायचे. डीएनए धन तारेकडे ओढले जाते, म्हणून ते नळीच्या एकाच बाजूच्या पेशींत शिरते. दुसरी बाजू तशीच राहते. एकाच गर्भात प्रयोगही आणि त्याची तुलनाही. त्यातले सौंदर्य असे की, इथे फसवायला जागाच नाही असे वाटते.

“बारा झाले?” बाईंनी विचारले. प्रयोगशाळा त्यांची होती आणि तिथे त्यांना सगळे बाईच म्हणत.

“बारा. फरक नाही.”

“तुझ्या हाताला काही होतंय का गं?”

“हात ठीक आहे माझा.”

“रागावू नकोस. पण त्याचे आकडे छापलेत, तुझे अजून वहीत आहेत. शुक्रवारी समितीपुढे मी कुणाला धरून बोलू?” बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तोवर कारण सापडलं नाही तर हे प्रकरण प्रबंधातून काढ.”

“ते काढलं तर उरतं काय?”

“दोन वर्षं उरतात. नवीन विषयाची.” मग जरा मवाळ स्वरात त्या म्हणाल्या, “अगं, घरातच तर आहे तो. विचार ना सरळ.”

तिने तीनदा विचारले होते. तिन्ही वेळा त्याने मान हलवली होती, “सुई बदलून बघितलीस का?” असे विचारले होते आणि उठून तो स्वयंपाकघरात भांडी घासायला गेला होता. भांडी घासण्याची पाळी त्याची नसे. पहिल्यांदा तिला कौतुक वाटले होते. दुसऱ्यांदा तिने नळाखालच्या त्याच्या पाठीकडे जरा जास्त वेळ पाहिले. तिसऱ्यांदा तो धुतलेलीच कढई पुन्हा घासत होता.

त्या दिवशी ती वहीतली जुनी पाने चाळत बसली असता काका आत आले. काका तीस वर्षे त्या प्रयोगशाळेत गर्भांचे पातळ काप काढत होते. तिच्या प्रश्नांना कंटाळून त्यांनी तिचे नाव ‘उलटतपासणी’ ठेवले होते.

“काय उलटतपासणी, आज कोण आरोपी?”

“सध्या मीच आहे, काका.”

“मग शिक्षा लवकर होईल.” काका हसले. “बरं, तुझ्या साहेबांना सांग, आता हे त्यांचं घर नाही. घरचा मुलगा होता तोवर ठीक. आता जावयासारखा येतो. ना कळवणं ना विचारणं, शनिवारी थेट कपाट उघडून गेला.”

“कोण? हा इथे आला होता?”

“दुपारी. मी म्हटलं चहा घेऊन जा, तर घाईत होता.”

शनिवारी दुपारी तो महाविद्यालयात उत्तरपत्रिका तपासत होता. निदान घरी येऊन त्याने तसे सांगितले होते, आणि तपासून डोळे दुखतात म्हणून लवकर झोपला होता.

काका गेल्यावर तिने काचपट्ट्यांचे कपाट उघडले. सहाव्या डब्याशेजारी आठवा होता. मधल्या चौकोनावर धूळ नव्हती. म्हणजे डबा नुकताच उचलला होता. कपाटाला लटकवलेल्या वहीत डबा नेणाऱ्याने सही करायची असा काकांचा नियम होता, आणि बाईसुद्धा तो पाळत. सातव्या डब्यापुढे सही नव्हती. निबंधातली सगळी मोजणी त्याच डब्यातल्या कापांवर झाली होती.

चोरीचा संशय माणसाला चटकन तीक्ष्ण करतो. घरी परतताना नवऱ्याच्या गेल्या वर्षभरातल्या साध्यासाध्या गोष्टी तिला नव्या उजेडात दिसू लागल्या. तिचे आकडे काय आले हे तो रोज विचारत असे, पण ऐकताना तिच्याकडे पाहत नसे. बाईंना भेटायला चल म्हटले की त्याला नेमके काहीतरी काम निघे. एकदा रात्रीच्या जेवणावर तो म्हणाला होता, “छापलेलं सगळंच खरं असतं असं नाही,” आणि ती हसली होती.

घरी सासूबाई वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवत बसल्या होत्या. तो अजून आला नव्हता.

“आई, हा लहानपणी खोटं बोलायचा?”

सासूबाईंनी पेन्सिल थांबवली. “काय केलंय त्यानं?”

“काही नाही. सहज.”

“सहज सुना असं विचारत नसतात.” त्यांनी कोडे बाजूला ठेवले. “खोटं नाही बोलायचा. काही फोडलं की गुपचूप केरसुणी घेऊन घर झाडायला लागायचा. मी संध्याकाळी कामावरून आले आणि घर चकाचक दिसलं, की आधी विचारायचे, काय फुटलं?”

ती स्वयंपाकघरात गेली. ओटा पुसलेला होता. तिने तो पुसला नव्हता, आणि सासूबाईंचे गुडघे दुखत असल्याने त्या ओट्याशी उभ्या राहत नसत. सकाळी तिच्यानंतर घरातून तोच निघाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काकांना गाठले. ते उणे वीस अंशांच्या यंत्रापुढे हातमोजे घालून बसले होते.

“काका, सातव्या डब्यातले काप तुम्हीच काढले होते ना?”

“सुरू झाली.” त्यांनी पाते थांबवले. “नाही गं. तेव्हा माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. अडीच महिने घरी होतो. त्यानंच कापले. आल्यावर बघितले मी. न्हाव्यानं घाईत कल्ले काढावेत तसे तिरपे.”

“आणि कोपरा?”

“कोपरा कुठला! त्यानं ठोकळ्याची गोटी केली होती.”

हा कोपरा काकांची स्वतःची रीत होती. ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. गर्भ ज्या गोठवलेल्या ठोकळ्यात बसवायचा त्याचा वरचा उजवा कोपरा ते छाटत. केसाहून पातळ काप एकदा काचेवर चढला की त्याला डावे-उजवे राहत नाही. गोल नळी, मध्ये फट, दोन्ही अंगे सारखी. पातळ पापुद्रा पात्यावरून उचलताना पालथा पडला तरी पाहणाऱ्याला कळत नाही. छाटलेला कोपरा असला तरच कळते.

तिचे स्वतःचे काप या बाबतीत सुरक्षित होते, कारण डीएनएबरोबर ती हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा खुणेचा तुकडाही सोडत असे. जी बाजू हिरवी, ती प्रयोगाची. त्यानेही तो सोडला होता. पण त्या काळची रंग देण्याची पद्धत निराळी होती. काप तासन् तास ऊन पाण्यात ठेवावे लागत, त्यात प्रथिने कुरतडणारे द्रव्य घालावे लागे. त्यानंतर पेशी सुरेख जांभळ्या दिसत, आणि हिरवी चमक मरून जाई.

तिने जागेवर बसून त्याचा निबंध काढला. चाळीसदा वाचलेला. प्रत्येक छायाचित्राखाली एकच ओळ होती: ‘प्रयोगाची बाजू उजवीकडे.’ हिरवे नाही, कोपरा नाही. मग उजवीकडची बाजू प्रयोगाची हे त्याला कळले कसे? चाळीस वेळा वाचून हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. बाईंना पडला नव्हता, छापणाऱ्यांनाही नाही.

एकच उत्तर शक्य होते, आणि ते तपासता येत होते. आठव्या डब्यात त्याने सरावासाठी काढलेले काप होते: साध्या, सुईही न लावलेल्या गर्भांचे, त्यानेच तिरपे कापलेले. तिने त्यांतले चाळीस काप दोन दिवसांत मोजले. आधी जसे दिसतील तसे, डावे डावीकडे, उजवे उजवीकडे लिहिले. सरासरी सारखी आली. तिरप्या कापात एक अंग थोडे वरच्या पातळीचे येते आणि एक थोडे खालच्या, म्हणून एकेका कापात फरक मोठा होता, पण कधी या बाजूला, कधी त्या. मग तिने दुसरे पान घेतले आणि प्रत्येक कापातली कमी पेशींची बाजू एका रकान्यात लिहिली, जास्तीची दुसऱ्यात.

घट बावीस टक्के भरली.

कुठल्याही जनुकाला हात न लावता खटका बंद झाला होता.

आपला हात कच्चा नाही याचा आनंद व्हायला हवा होता. पण तिला दुसराच प्रश्न डसला होता. त्याने हे नकळत केले की जाणून? आकडे दोन्ही तऱ्हांत तेच आले असते. ते फक्त तोच सांगू शकत होता, आणि त्याच्या सांगण्यावर आता तिचा विश्वास उरला होता का, हेच तिला कळत नव्हते.

बुधवारी संध्याकाळी तो बटाटे सोलत होता. सासूबाई बाहेरच्या खोलीत होत्या.

“सात नंबरचा डबा कुठे आहे?”

“कुठला डबा?”

“शनिवारी तू ज्याच्या उत्तरपत्रिका तपासल्यास ना, तो.”

सोलणे थांबले. “काकांनी सांगितलं?”

“काकांनी सांगितलं की तू चहा नाही घेतलास. बाकीचं मी शोधलं.”

“कॉलेजच्या कपाटात आहे. कुलपात.”

“बाजू कशी ठरवलीस?”

त्याने बटाटा खाली ठेवला. “पहिल्या तीन गर्भांत हिरवं थोडं शिल्लक होतं. पुसट. तिन्हींत त्याच बाजूला पेशी कमी होत्या. पुढच्यांत हिरवं दिसेना. तेव्हा वाटलं…”

“की जिथे कमी, ती आपली.”

“वाटलं असंही नाही गं. माहीतच आहे असं होतं. जिथे कमी दिसायचं तिथे मी उजवं लिहायचो आणि पुढे जायचो. लबाडी करतोय असं एकदाही मनात आलं नाही. शपथेवर सांगतो.”

“शपथ नको. कधी कळलं ते सांग.”

तो नळाकडे वळला. ती म्हणाली, “भांडी नंतर.”

“गेल्या वर्षी,” तो म्हणाला. “वर्गात हेच शिकवत होतो. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, सर, पण बाजू ओळखायची कशी? मी खडू घेऊन फळ्याकडे वळलो, आणि काढायला काही नव्हतं.”

“एक वर्ष.”

“हो.”

“वर्षभर मी सुया बदलल्या. अंडी दुसरीकडून आणली. उबवणीचं यंत्र उघडून घेतलं. बाई मला माझ्या हाताला काय झालंय विचारतात, आणि तू मला विचारतोस, सुई बदलून बघितलीस का?”

“वाटलं होतं तुझे आकडे वेगळे आले की तू शोधशीलच. मग मला…”

“मग तुला तोंड उघडावं लागणार नाही.”

त्याने खाली ठेवलेला बटाटा पुन्हा उचलला.

“आणि मी शोधलं नसतं तर? शुक्रवारी ते प्रकरण काढून टाकलं असतं तर तू काय केलं असतंस? खरं सांग.”

“माहीत नाही,” तो म्हणाला. त्या संध्याकाळचे ते पहिले वाक्य होते ज्यावर तिने लगेच विश्वास ठेवला.

“काय गं, आवाज का बंद झाला?” सासूबाईंनी बाहेरून विचारले.

“मोजणी चाललीय, आई.”

“मोजा मोजा. इतकी अंडी फोडता, एखादं घरी खायला तरी आणा.”

जेवणानंतर त्याने बाईंना पत्र लिहिले आणि तिच्यापुढे ठेवले. पत्र नीटनेटके होते. दुसऱ्या परिच्छेदात लिहिले होते, ‘काप काढताना बाजूंची सरमिसळ झाल्याची शक्यता नाकारता येत नाही.’

“हे वाचून कुणाचं नाव डोळ्यांपुढे येईल?” तिने विचारले.

तो समजला नाही.

“तिथे काप कोण काढतं? तीस वर्षं?”

त्याचा चेहरा उतरला. “माझ्या मनातही नव्हतं ते.”

“तुझ्या मनात बऱ्याच गोष्टी नसतात. त्या कागदावर मात्र असतात.”

त्याने ते वाक्य खोडले. नवे लिहायला त्याला अर्धा तास लागला: ‘प्रयोगाची बाजू कोणती हे मला माहीत नव्हते. जिथे पेशी कमी दिसल्या ती बाजू मी प्रयोगाची मानली.’ तिने ते दोनदा वाचले. आता त्यात दुसऱ्या कुणाला शिरायला जागा नव्हती. मग तिने गुरुवारी स्वतः डबा घेऊन यायला त्याला सांगितले, आणि येतो म्हणाला तरी किती वाजता ते विचारून घेतले.

गुरुवारी सकाळी बाईंनी पत्र उभ्यानेच वाचले. मग खुर्ची ओढून बसल्या.

“चूक माझीही आहे,” त्या म्हणाल्या. “मी विचारायला हवं होतं. निबंध मागे घ्यायला आजच लिहिते.” तिला हायसे वाटू लागले तोच त्या पुढे म्हणाल्या, “पण एक सांगते, मनाला लावून घेऊ नकोस. नवऱ्यानं कबूल केलं म्हणून बायकोचे आकडे खरे ठरत नाहीत. उद्या समितीतलं कुणीही म्हणेल, घरी बसून ठरवून आले.”

“बाई!”

“म्हणेल. तू मोजतेस तेव्हा कुठली बाजू हिरवी ते तुला दिसतं ना?”

“दिसतं.”

“आणि तुला गेले काही महिने तो चुकलाय असं वाटत होतं.”

तिला राग आला. बाईंचे म्हणणे बरोबर होते. अर्धवट दिसणाऱ्या, धरावी की सोडावी अशा पेशी प्रत्येक कापात चार-पाच असतातच. त्या तिने कुठल्या बाजूला किती धरल्या, हे तिलाही सांगता आले नसते.

बाईंनी बारा गर्भांची छायाचित्रे घेतली, त्यांतले हिरवे काढून टाकले, निम्मी आरशातल्यासारखी उलटवली, क्रमही बदलला आणि मोजायला काकांना बसवले. कोणती कशाची हे फक्त बाईंच्या कागदावर होते. तिला खोलीबाहेर काढले.

व्हरांड्यातल्या बाकावर तो सातवा डबा मांडीवर घेऊन बसला होता. सांगितलेल्या वेळेआधी आला होता. ती दुसऱ्या टोकाला बसली. आतून मोजणीच्या यंत्राची टकटक ऐकू येत होती. दर टकटकीला एक पेशी. दोघेही नकळत ती मोजत होते आणि दोघांचीही मोजणी चुकत होती.

“काका थकतील,” तो म्हणाला.

“काका कोपरे छाटतात,” ती म्हणाली. “ते थकत नाहीत.”

अडीच तासांनी काका डोळे चोळत बाहेर आले. “उलटतपासणी, यापुढे तुझ्याशी सांभाळून बोलायचं बाबा. बसवलंस मला साक्षीला.” पण निकाल त्यांनाही माहीत नव्हता. बाई आत आपला कागद त्यांच्या आकड्यांशी ताडून पाहत होत्या. तिला त्यांची पाठ दिसत होती, आणि पाठीवरून काही कळत नव्हते.

“प्रयोगाची बाजू सरासरी अठ्ठावन्न,” बाई दारात येऊन म्हणाल्या. “दुसरी एकोणसाठ. तू एखादी पेशी इकडची तिकडे धरली असशील, पण फरक नाहीच. हे प्रकरण प्रबंधात राहील. शीर्षक बदलावं लागेल.” मग त्यांनी बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले. “तू आत ये. डबा घेऊन. आणि आधी त्या वहीत सही कर.”

तो आत गेला. दार लागले. बाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला बरे वाटले असते.

चार वाजता उबवणी यंत्रातली सहा अंडी हव्या त्या तासाला पोचली. समितीपुढे बारा होते, बाईंना आणखी सहा हवे होते, आणि अंडी कुणाच्या मनःस्थितीसाठी थांबत नाहीत. तिने पहिल्या अंड्याला खिडकी पाडली. आत गर्भ जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा होता आणि त्याचे हृदय धडधडत होते. तारा धरायला नेहमी काका असत, पण त्यांचे डोळे दुखत होते, म्हणून त्यांना तिने घरी पाठवले होते.

तो दारात येऊन उभा राहिला. डबा हातात नव्हता.

“तारा धरू?” त्याने विचारले. “एकटीला जमायचं नाही.”

खरेच जमण्यासारखे नव्हते. सुईतला थेंब नळीत सोडून झाला होता आणि तो पसरण्याआधी झटके द्यायला हवे होते.

“हात धू,” ती म्हणाली. “वही माझ्याकडे राहील.”

त्याने हात धुतले, हातमोजे चढवले आणि श्वास रोखून तारा नळीच्या दोन्ही अंगांना टेकवल्या. त्याचा हात अजूनही पक्का होता.

“धन तार उजवीकडे,” तो म्हणाला.

तिने पेन उचलले, पण लिहिले नाही. खुर्चीवरून उठून ती त्याच्या खांद्याशेजारी वाकली, धन टोकाची लाल तार कुठून निघते आणि कुठे टेकते ते टोकापर्यंत पाहिले, आणि मग परत येऊन बसली.

‘धन उजवीकडे,’ तिने लिहिले, आणि झटक्याची कळ दाबली.